बाबांच्या स्मरणार्थ बेल: नागपूरच्या काळ्या मातीत कसा लावावा?

प्रश्न: बाबा रोज महादेवाला बेल वाहायचे, झाडांवर फार जीव. वर्षश्राद्धाला अंगणात बेलच लावायचाय. खड्डा केवढा घ्यावा?

उत्तर १: दोन फूट लांब-रुंद-खोल. उन्हाळ्यातच खणून तापू द्या. भरताना अर्धी काळी माती, पाव मुरूम, पाव कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको, मुळं जळतात. काळी माती पावसात पाणी धरते, मुळं कुजतात. म्हणून रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवा.

उत्तर २: तिथी उन्हाळ्यात आली तर त्या दिवशी पूजा करा, रोप जुलैत लावा. ४५ अंशांचं ऊन कोवळं रोप सोसत नाही. वाटेवर नको, काटे असतात.

उत्तर ३: पहिले दोन उन्हाळे आळ्यात पालापाचोळा पसरा, नाहीतर जमिनीला भेगा पडून मुळं तुटतात. पाला खोडाला मात्र चिकटू देऊ नका.