सल्ला हवा: सोळा वर्षांनी पुन्हा ट्रॅकवर. गाडी २००१ ची होंडा सिटी व्हीटेक, इंजिन नुकतंच बांधलंय

जुना_गडी

आधी थोडी पार्श्वभूमी. २००३ ते २००९ ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाशी शर्यत) खेळायचो. नाशिक, पुणे, जिथे फॉर्म मिळेल तिथे. आधी मित्राच्या एस्टीममध्ये, मग स्वतःच्या सिटीत. ट्रॉफ्या दोन, त्यातली एक लकी ड्रॉची. नंतर बदली झाली, मुलगी झाली, आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली गेली.

गेल्या दिवाळीत इंजिन खोललं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग, क्लच, व्हॉल्व्ह घासून घेतले. टायमिंग बेल्टही नवा. खाली सगळे बुश नवे आणि गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. वरून संपूर्ण पेंट. कागदावर १०६ बीएचपीची गाडी, आता कदाचित तेवढी देतही असेल. ९०० किमी झालेत.

वय ४७. अजून दीडेक लाख खर्च करू शकतो (घरी एक लाख सांगितलंय). प्रश्न तीन:
१. सुरुवात इथल्याच, पुण्याच्या एखाद्या ऑटोक्रॉसने करू का?
२. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा) आत्ताच बसवून घेऊ का?
३. चिकट रबराचे टायर कुठले घ्यावेत?

गाडी विकून दुसरी घ्या, हा सल्ला सोडून काहीही चालेल.

चिखलफेक

दादा, गाडी विकू नका, पण ऑटोक्रॉसला ही गाडी नेऊही नका.

परदेशी व्हिडिओंत ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी मैदान आणि प्लास्टिकचे कोन. आपल्याकडे बहुतेक वेळा माती, पाणी मारलेली. तुम्ही स्वतः खेळलायत, आठवत असेलच. तेव्हा गाडी मूळ उंचीची होती, आता दीड इंच खाली आहे. पहिल्याच उंचवट्यावर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटेल. ऑइल सांडलं आणि तुम्ही जोशात दहा सेकंद गाडी दामटली, की नवी बेअरिंगं गेली. आणि तो पेंट! पुढच्याची माती खाऊन दोन फेऱ्यांत बॉनेट सँडपेपर मारल्यासारखं होईल.

मातीत खेळायचं असेल तर मूळ स्प्रिंगा परत टाका आणि खाली जाड सम्प गार्ड. नाहीतर डांबराचा ट्रॅक धरा.

तेलकट_हात

चिखलफेक यांना +१. मी जरा आतलं विचारतो, कारण 'इंजिन बांधलं' या दोन शब्दांत बरंच काही लपतं.

टायमिंग बेल्ट बदलला तेव्हा वॉटर पंपही बदलला का? या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. जुना पंप जाम झाला तर बेल्ट जातो, आणि बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट केले का? थंड इंजिनावरच करायचे असतात. फिटर घाईत असेल तर गरमवरच आटोपतो. रनिंग-इनचं पहिलं ऑइल काढलं का? काढलं असेल तर फिल्टर कापून बघा, चकाकी दिसली तर ट्रॅकचं नाव पुढे ढकला. व्हीटेकच्या सोलेनॉइडखाली बारीक जाळी असते, तीही साफ करून घ्या. इंजिन कामानंतरचा कचरा तिथे अडकतो. मग वरच्या आरपीएमला इंजिनाचा जो आवाज बदलायला हवा तो बदलत नाही, आणि मालक ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दोष देत बसतो.

आता पेट्रोल. तुमची गाडी इथेनॉलच्या आधीच्या काळातली आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात, तेव्हा टाकीपासून पुढचे सगळे पाइप नवे घ्या. त्याहून महत्त्वाचं: शहरात चालवताना ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू त्याचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो. इथेनॉलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं. म्हणजे जिथे तुम्ही सगळ्यात जास्त पिळणार, तिथेच मिश्रण सुकं पडणार. डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजायचं यंत्र) मिश्रण मोजून घ्या. टायरचे पैसे इथे घाला.

तिसरं ब्रेक. मागे ड्रम आहेत, म्हणजे सगळा भार पुढच्या पॅडवर. कुठलं ब्रेक ऑइल घातलंय ते बघा. डॉट ३ ताजं असलं तरी निकषानुसार २०५ अंशांना उकळलं तरी पास होतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की पेडल फळीपर्यंत जातं आणि काहीच होत नाही. माझं एकदा झालंय, त्या वळणाचं नाव घेतलं की अजून पाय ताठ होतो.

सहचालक

केजबद्दल मी लिहिते, कारण या धाग्यावर सगळे पुरुष इंजिनातच डोकं घालणार हे दिसतंय.

गाडी रोज रस्त्यावर चालणार असेल तर केज नको. हेल्मेट नसताना डोक्याशेजारी लोखंडी नळी म्हणजे साध्या धडकेतही कवटीला धोका. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. २०१९ पासून बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा कैद. गाडी २००१ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी री-पासिंग. आरटीओसमोर केज घेऊन उभे राहून बघा.

त्याऐवजी हेल्मेट घ्या. मोटरसायकलचं नको, त्याचं अस्तर आगरोधक नसतं. स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ चा शिक्का बघून घ्या. ऑनलाइन स्वस्तात कुणाचं वापरलेलं मिळालं तरी घेऊ नका, ते कधी आपटलंय हे आपल्याला कळत नाही. सीटही चांगली घ्या, म्हणजे वळणावर स्टिअरिंगला लटकून बसावं लागत नाही.

आणि विमा. पॉलिसीत 'संघटित शर्यत, वेगचाचणी' वगळलेली असते. ट्रॅकवर जे ठोकाल ते स्वखर्चाने. हे वहिनींना आधी सांगा, नंतर नाही.

(टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीही सुचवते. पळायचं नसतं, ठरलेला सरासरी वेग सेकंदाच्या हिशेबाने सांभाळायचा. शेजारी बसवायला मुलगी केवढी आहे?)

घाटमाथा

ट्रॅक कोणता, एवढंच बोलतो. पुण्याहून तीनही लांबच.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरचा, त्यात एक सरळ पट्टा किलोमीटरहून मोठा. तिथे तुमची सिटी शेवटाला १७०-१८० ला पोचेल आणि मग ते ड्रम आठवतील. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किमी, वेगवान वळणांचा, चुकीची किंमत मोठी. कोइम्बतूरचा कारी छोटा, दोनेक किलोमीटरचा, वेग कमी, वळणं पटापट. सोळा वर्षांनी येताय तर कारी. आणि शर्यत नको, आधी साधा ट्रॅक डे. पाच फेऱ्या, एक थंड फेरी ब्रेक न दाबता, मग आत. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले लायनर ड्रमला चिकटतात. चाकांचे नट दर वेळी पान्याने तपासा. एवढं नीट जमलं की एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या) लायसन्सचं बघू.

जुना_गडी

सगळ्यांचे आभार. शनिवारी गाडी जॅकवर घेतली.

वॉटर पंप जुनाच निघाला. मेस्त्री म्हणाले, "चांगला होता म्हणून ठेवला." ब्रेक ऑइल डॉट ३. आणि ज्या टायरवर ९०० किमी मारले, त्यांच्या कडेवर ३२१४ आहे, म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. मी नक्षी बघून खूश होतो. रबराचा वास घेतला, काही येत नाही.

केज रद्द. टायर साधे, पण या वर्षीचे. पंप, पाइप, डॉट ४, डायनो, हेल्मेट, एवढ्यात एक लाख संपतात. म्हणजे घरी खरं बोललो होतो.

@सहचालक, मुलगी चौदाची. सरासरी वेगाचं गणित तिने माझ्याआधी सोडवलं आणि आता मला 'ड्रायव्हर' म्हणते.

@घाटमाथा, कारीला गाडी चालवत न्यायची की ट्रेलरवर? अकराशे किमीच्या वर होतंय.

घाटमाथा

ट्रेलरवर. काही मोडलं तर परत कसे येणार? पुण्यातला एक ट्रेलरवाला माहितीय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.