चिपाडाच्या पत्रावळीवर नेमकं काय छापावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमची छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. दीड वर्षापासून आम्ही उसाच्या चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या लगद्याची ताटं आणि द्रोण करतो. लगद्याचे तक्ते विकत आणायचे, भिजवून घोटायचे आणि तापलेल्या साच्यात दाबायचे. माल पक्का आहे. पंगतीत उकळती येसर आमटी वाढली तरी द्रोण बसत नाही, हे मी स्वतः वाढपात उभी राहून पाहिलंय.

अडचण वेष्टनाची आहे. एका मोठ्या कंपनीला आमचा माल त्यांच्या नावानं विकायचाय. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'कचऱ्यापासून बनलेले, शंभर टक्के पर्यावरणपूरक, मातीत मिसळणारे'. सोबत पीएलएची, म्हणजे वनस्पतीच्या स्टार्चपासून केलेल्या प्लास्टिकची पारदर्शक झाकणं. मी मृगात दोन्ही उकिरड्यात पुरली. दसऱ्याला उकरलं तर द्रोणाचा मागमूस नाही, झाकण मात्र धुऊन परत वापरावं इतकं धड. पीएलए कुजायला साठेक अंशांची उष्णता बरेच दिवस टिकावी लागते. ती मोठ्या खतप्रकल्पात मिळते, आपल्या उकिरड्यात नाही.

आणि चिपाड तरी कचरा कुठंय? कारखाने त्यावरच बॉयलर चालवतात, वीजही करतात. शिवाय ऊस किती पाणी पितो हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा विसरलेली नाही. त्यामुळे नुसतं 'पर्यावरणपूरक' छापायला माझा हात धजत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या हरित दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. असा मोघम शब्द वापरायचा तर पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. मी त्या कंपनीला हे कळवलं, तर उत्तर आलं, 'सगळेच लिहितात.' मला हे पटत नाही. उद्या गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला तर खऱ्या मालालाही कुणी विचारणार नाही.

दुसरं म्हणजे, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना सामाजिक कामावर करावा लागणाऱ्या खर्चातून, नवा साचा घेऊन देतो, बदल्यात प्रत्येक ताटावर आमचं बोधचिन्ह उठवा, असं ते म्हणतात. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीचा फायदा बघून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत, असं २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांत मी वाचलं. मग हा साचा त्यात बसतो का? कंपनी कायदा जाणणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

मी लिहिलेला मजकूर असा: 'ताट व द्रोण उसाच्या चिपाडाच्या लगद्याचे. झाकण वेगळं टाका, ते घरच्या खतात कुजत नाही.' यात काय कमी आहे? कुजण्याची चाचणी लहान उत्पादकाला परवडेल अशी कुठं होते? असा माल विकणाऱ्या कुणी आपल्या वेष्टनावरचा मजकूर इथं टाकला तरी आधार होईल. तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरी आल्यात, छपाईवाला आठ दिवसांत मजकूर मागतोय.