त्या रात्री यांच्यापैकी कोणी जागं असायला हवं होतं?

प्रश्न (नागपूरच्या डागा लेआऊटहून)
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. आजीला खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेलं. आता एमपीएससीचा अभ्यास करून राहिली आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद, तिचं सल्लागार मंडळ, आपत्ती प्राधिकरण हे वाचताना ती रात्रच आठवते. यांच्यापैकी पाण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

उत्तर १
ताई, परिषद १९९८ ची, अध्यक्ष पंतप्रधान. तिचा विषय देशाची सुरक्षा. पुरासाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वाचा.

उत्तर २
बेटा, मी नागरी संरक्षणाचा जुना स्वयंसेवक. आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयात दोरखंड बांधायला अन् स्ट्रेचर उचलायला शिकलो. १९५७ पासूनची संस्था आहे ती, अन् नागपुरातल्याच कितीकांना माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

सल्लागार मंडळात सरकारबाहेरची माणसं असतात: निवृत्त मुत्सद्दी, सेनाधिकारी, शास्त्रज्ञ. के. सुब्रह्मण्यम पहिले निमंत्रक. या मंडळाने ऑगस्ट १९९९ मध्ये अणुधोरणाचा मसुदा दिला. सरकारने धोरण जाहीर केलं ते जानेवारी २००३ मध्ये. सल्ला अन् निर्णय यांत एवढं अंतर असतं. ते मंडळ तुझ्या आजीच्या जिन्यापर्यंत येणार नाही, ते त्याचं कामच नाही.

मोठं संकट आलं की दिल्लीत कॅबिनेट सचिवांची राष्ट्रीय संकट व्यवस्थापन समिती बसते. जिल्ह्यात मात्र जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पूर्वसूचनेची यंत्रणा उभी करणं, ती लोकांपर्यंत पोचवणं हे २००५ च्या कायद्याच्या कलम ३० नुसार जिल्हा प्राधिकरणाचं काम आहे. कलम ३० पाठ नको करू, समजून घे.

याच कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळ्या शहरी प्राधिकरणाची तरतूद आली. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. नाग नदी शहराच्या पोटातून वाहते, म्हणून मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ती
काका, आमच्या गल्लीत भोंगा वाजला नाही, फोन आला नाही. शेजारच्या मावशींनी दार बडवलं म्हणून उठलो. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा बघायला मिळतो का?

उत्तर २
मिळायलाच पाहिजे. कलम ३१ प्रमाणे तो दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. माहिती अधिकारात अर्ज टाक. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव, मजकूर दीडशे शब्दांत अन् विषय एकच ठेव. एवढंच विचार: अंबाझरीची पातळी वाढली की खालच्या वस्त्यांना कोण कळवणार, कशाने कळवणार, अन् शेवटचा सराव कधी झाला. मावशींना पण सही करायला सांग वेगळ्या अर्जावर.