केंदाळ काढलं तरी परत येतंय, तणनाशक मारावं का?

तळ्याकाठी: आमच्या गावतळ्यात जलपर्णी माजलीय, इकडं केंदाळ म्हणतात. गेल्या मे मध्ये वर्गणी काढून पोकलेन लावला, सगळं काढून काठावरच ढीग मारला, पहिल्या पावसात निम्मा ढीग परत पाण्यात आणि दिवाळीला तळं पुन्हा गच्च, म्हशी उतरेनात. आता पोरं म्हणतायत तणनाशक मारू, स्वस्तात काम होतंय. मारावं का?

गाळमाती: नका मारू. पानं करपली की लोक खूश, पण ते सगळं तळाला बसून कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरून वर येतात. शिवाय जनावरं तेच पाणी पितात ना? गटार येतंय का तळ्यात?

तळ्याकाठी: येतंय की. वरच्या आळीची दोन गटारं, वर एका गोठ्याचं शेण-मूत.

गाळमाती: मग आयतं नत्र-स्फुरद मिळतंय त्याला. उबदार हवेत दोन आठवड्यात दुप्पट होतंय हे. काढायचं तर उन्हाळ्यात पाणी कमी असताना, वाऱ्यानं ज्या कोपऱ्यात गोळा होतं तिथनं ओढा, आणि दोरीला रिकामे कॅन बांधून आडवी टाका म्हणजे परत पसरत नाही. ढीग काठापासून लांब टाका, ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतंय, वाळला की काही राहत नाही. गाळातलं बी मात्र १५-२० वर्षं जगतं, त्यामुळे दर पावसाळ्यात नवी रोपं हातानं वेचायला लागणारच.

सोंड्या: केंदाळ खाणाऱ्या भुंग्यांचं कोणी बोललंच नाही. नियोकेटिना, मूळचे दक्षिण अमेरिकेतले, जलपर्णीसारखेच. १९८० च्या दशकात बंगळूरच्या तळ्यांत सोडले होते, चांगला उपयोग झाला. मोठा भुंगा पान खरवडतो, बारीक चौकोनी डाग दिसतात, आणि अळी देठ पोखरते. पिकाला त्रास नाही. पण दोन-तीन वर्षं धीर धरायची तयारी पाहिजे, आणि सगळं केंदाळ एकदम काढलं तर भुंगे खाणार काय, म्हणून एक कोपरा ठेवायचा. जबलपूरला तण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथं विचारून बघा.

तळ्याकाठी: दोन-तीन वर्षं म्हटल्यावर गाव मलाच तळ्यात ढकलंल, जत्रेला पालखी तिथनंच जाते. यंदा कॅनची दोरी टाकतो आणि ढीग माळावर नेतो. गटारांचं ग्रामसभेत काढतो. गोठ्याचं जरा अवघड आहे, चुलत्याचाच आहे तो.