आमदार-नगरसेवकांना भर बैठकीत तोंडावर प्रश्न विचारावेत का?

इंदिरानगर_२१
आमच्या भागात नागरिकांची खुली बैठक ठरली आहे. आमदार आणि नगरसेवक दोघंही येणार आहेत. कॉलेजमधली आम्ही काही मुलंमुली खोदलेले रस्ते आणि तुंबलेलं ड्रेनेज यावर आडपडदा न ठेवता विचारणार आहोत. सोसायटीतली मोठी माणसं म्हणतात, वयाचा मान ठेवा, निवेदन द्या आणि गप्प बसा. काहींच्या मते असं बोललं की गुन्हा दाखल होतो आणि पोलीस भरतीत अडकायला होतं. यात खरं किती? आणि विचारायचंच, तर कसं, म्हणजे उत्तर टाळता येणार नाही?

वकील_नाशिकरोड
बेधडक विचारा. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला वयाची अट नाही. त्यावरचे निर्बंध १९(२) मध्ये मोजून दिले आहेत आणि ‘पुढाऱ्याला राग आला’ हे कारण त्या यादीत नाही.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे (जुनं ४९९-५००). लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल किंवा सार्वजनिक प्रश्नावरच्या कुणाच्याही वागण्याबद्दल प्रामाणिकपणे मांडलेलं मत त्यात अपवाद आहे. शिवाय तो गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. ‘बिल निघालं, काम कुठे आहे?’ हा प्रश्न आहे. ‘तुम्ही पैसे खाल्ले’ हा आरोप आहे आणि तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

मुलं सापडतात ती प्रश्नामुळे नाही, त्यानंतरच्या गोंधळामुळे. व्यासपीठावर चढणं, गाडी अडवणं, बंदोबस्तावरच्या पोलिसाला ढकलणं. पोलिसाला ढकललं की न्याय संहितेचं कलम १३२ (लोकसेवकाला कामापासून रोखायला बळ वापरणं, जुनं ३५३) लागतं आणि ते दखलपात्र, अजामीनपात्र आहे. शहरात पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) चा मनाई आदेश (जमावबंदी) असेल तर सभागृहाबाहेर पाच किंवा त्याहून जास्त जणांनी घोषणा देत थांबू नका. विधानसभा-लोकसभेची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंत प्रचारसभा उधळली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची नागरिकांची बैठक प्रचारसभा नाही, पण तारखा बघून घ्या.

व्हिडिओ टाकला म्हणून कुणी ‘६६अ लावतो’ (माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम) म्हणालं तर घाबरू नका. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरामुळे अटक झाली, त्यातून तो विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द झालं.

भरतीचं म्हणाल तर अर्जातल्या रकान्यात विचारलेली माहिती लपवणं जास्त महागात पडतं. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की क्षुल्लक प्रकरण असेल तर नोकरी देणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो.

मोजमापवही
कायद्याचं आलं, आता तयारीचं. बहुतेक प्रश्न पहिल्या दहा सेकंदांतच बारगळतात, कारण ते चुकीच्या माणसाला विचारलेले असतात. गल्लीतला रस्ता आणि गटार महापालिकेचं. नाशिकच्या द्वारका चौकातल्या महामार्गाचा विषय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, म्हणजे खासदारांना विचारायचा. आमदारांना त्यांच्या स्थानिक विकास निधीबद्दल विचारा, तो वर्षाला ५ कोटी आहे. गटाराचा प्रश्न आमदारांना विचारलात की ‘तो विषय महापालिकेचा’ म्हणून ते मोकळे होतात आणि माइक पुढे जातो.

बैठकीआधी महिनाभर हातात असेल तर आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. दोन विषय घातले तर माहिती अधिकारी पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. ‘रस्ता खराब का आहे?’ असं विचारू नका, माहिती अधिकारी ‘का’ला उत्तर देत नाही. कागद मागा: कार्यादेश (वर्क ऑर्डर), अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीच्या) नोंदी, अदा केलेली बिलं, दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते. उत्तराची मुदत ३० दिवस. वेळ नसेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला मिळतात; विभागीय कार्यालयात जाऊन फाइल मागा. दोषदायित्व कालावधी हाती लागला की निम्मं काम झालं, कारण तो संपेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. मग ‘निधी नाही’ हे उत्तरच उरत नाही.

प्रश्न लिहून काढा, ४५ सेकंदांचा. उदाहरणार्थ: ‘या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी अजून संपलेला नाही, ही कार्यादेशाची प्रत. काल मोजलेला खड्डा अडीच मीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर खोल आहे. ठेकेदाराला नोटीस कोणत्या तारखेला गेली?’ एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबले की ते सोप्याचं उत्तर देतात आणि बाकीचे हवेत जातात. उत्तर ‘बघतो, सांगतो’ आलं तर माइक सोडायच्या आधी एवढंच विचारा: ‘कोणत्या तारखेपर्यंत?’ पुढचा प्रश्न तुमच्यातल्या दुसऱ्याने तिथूनच उचलायचा. चिठ्ठ्या मागवणार असतील तर आयोजकांशी आधीच बोला, अडचणीच्या चिठ्ठ्या वाचल्या जात नाहीत.

सातपूर_निवृत्त
मोठ्या माणसांची भीती नुसती मानपानाची नसते, हे मुलांनी समजून घ्यावं. एका मुलाने नगरसेवकाला सुनावलं की त्याच्या बिल्डिंगचा पाण्याचा अर्ज मागे पडेल, ही खरी धास्ती असते. म्हणून प्रश्न एकट्याच्या घराचा ठेवू नका, प्रभागाचा करा आणि निवेदनावर दोन-चार ज्येष्ठांच्या सह्या घ्या. ‘तुम्ही’ म्हणा, भाऊ-ताई म्हणा, आवाज खाली ठेवा. मजकूर मात्र अजिबात मऊ करू नका. एकेरीवर आलात की उत्तर देणाऱ्याला ‘आधी बोलायला शिका’ म्हणत विषय बदलायची सोय मिळते. नुसतं निवेदन देऊन गप्प बसा, हे मात्र मला साफ नामंजूर आहे. निवेदन फाइलला लागतं, भर बैठकीतलं उत्तर शंभर माणसं ऐकतात.

निफाड_ग्रामसभा
खेड्यातल्या मुलांसाठी भर घालतो. गावात वेगळी बैठक मागायची गरजच नाही. अठरा पूर्ण आणि मतदारयादीत नाव, एवढं असलं की ग्रामसभेत तुम्ही हक्काने बोलता. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. खरा घोळ इथेच होतो: गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पंधरा माणसांत ठराव मंजूर होतात. तहकूब सभेला तर जाच. हजेरीची सही करताना वरचं पान कोरं नाही ना ते बघा. विचारलेला प्रश्न आणि सरपंचांचं उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. इतिवृत्तात आलं नाही तर तुम्ही विचारलंच नव्हतं असं सहा महिन्यांनी सांगतात.

इंदिरानगर_२१
सर्वांचे आभार. अर्ज उद्याच देतो. बैठकीत उत्तर मिळालं नाही, तर पुढे लोकशाही दिन हा मार्ग आहे का?

मोजमापवही
आहे. त्या दिवशी अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात, महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. एक खाच लक्षात ठेवा: तक्रार वैयक्तिक स्वरूपाची नसेल तर अर्ज स्वीकारत नाहीत. त्यामुळे बैठकीत प्रभागाचा प्रश्न, पण इथे ‘माझ्या घरासमोरचं चेंबर तुंबून पाणी माझ्या पार्किंगमध्ये येतं’ असं लिहा आणि तारखेसह फोटो जोडा. बैठकीत दिलेल्या कागदाची पोच असेल तर तीही लावा. पोच त्याच दिवशी स्वीय सहायकाकडून सही-तारखेसह घेऊन ठेवा, नंतर कुणी देत नाही.