आबांची १९६० सालची लॅम्ब्रेटा सात किलोमीटरनंतर बंद पडते: नागपुरातील जाणकारांचे मार्गदर्शन हवे

महालची नात

सर्वांना नमस्कार. माझ्या आजोबांनी १९६० साली घेतलेली लॅम्ब्रेटा एलआय १५० ही इटालियन स्कूटर नागपूरच्या महाल भागातील आमच्या घराच्या ओसरीत गेली चौदा वर्षे उभी होती. आबा मागच्या वर्षी गेले. शेवटच्या काही महिन्यांत ते रोज संध्याकाळी तिच्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहत, त्यामुळे ती विकण्याचा विषय आमच्या घरात कोणी काढलेला नाही. दिवाळीनंतर मी टाकी धुऊन घेतली, कार्बोरेटर साफ करून घेतला, नवा प्लग बसवला आणि सहाव्या किकला गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून आजी देवघरातून उठून बाहेर आली.

अडचण अशी आहे की गाडी थंड असताना उत्तम चालते, पण महालातून निघून फुटाळा तलावाच्या जवळपास पोहोचले की ओढ कमी होते आणि इंजिन बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे थांबले की ती पुन्हा सुरू होते आणि दोन-तीन किलोमीटरनंतर परत तेच घडते. पेट्रोलमध्ये मी लिटरला वीस मिलिलिटर टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल) घालते. ज्या मेकॅनिकना दाखवली त्यांनी हे इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे बसवावे आणि सगळा पत्रा घासून नवा रंग द्यावा असा सल्ला दिला आहे. माझे मन त्याला तयार होत नाही. कागदपत्रे अजून आबांच्याच नावावर आहेत. नेमके कोठून सुरू करावे, हे कृपया सांगावे.

निवृत्त फिटर, अजनी

ताई, सर्वप्रथम एक विनंती आहे की इंजिन बदलू नका. सहाव्या किकला सुरू होणारे आणि थंड असताना व्यवस्थित ओढणारे इंजिन मेलेले नसते. आपल्या गाडीचा पुढचा दिवा हँडलवर असून हँडलसोबत वळत असेल, तर ती दुसऱ्या मालिकेतील एलआय आहे. पहिल्या मालिकेत हा दिवा खाली, पुढच्या पत्र्यावर स्थिर असे. १९५९ च्या अखेरीस तो हँडलवर आला आणि १९६२ पासून बाजूचे पत्रे अरुंद झाले. त्यामुळे १९६० हे साल जुळते. मिलानच्या लँब्राते भागातील इनोचेंती कारखान्याचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा होता, म्हणूनच १९४७ पासूनच्या या स्कूटरांचा सांगाडा नळीचा असून पत्रे त्यावर नुसते अडकवलेले असतात. बाजूचे दोन्ही पत्रे काढले की इंजिन जवळजवळ पूर्ण उघडे पडते, आणि घरच्या घरी काम करणाऱ्याला याहून सोयीची रचना मिळणे कठीण.

आता मूळ दोषाकडे येतो. या १४८ सीसी इंजिनाचा सिलिंडर आडवा आणि पत्र्याआड झाकलेला आहे, त्यामुळे मोटरसायकलप्रमाणे समोरचा वारा त्याला लागत नाही. फ्लायव्हीलवरचा, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावरचा, पंखा हवा ओढतो आणि सिलिंडरवर बसवलेले पत्र्याचे कव्हर ती हवा सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमधून फिरवते. हे कव्हर सैल असेल, त्याच्या सांध्यावरचे रबर गळून गेले असेल किंवा मागच्या एखाद्या दुरुस्तीत ते परत बसवलेच नसेल, तर पंखा चालूनही हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जाणाऱ्या आपल्या शहरात अशा अवस्थेत गाडी चालवली, तर पिस्टन सिलिंडरला धरल्याशिवाय राहणार नाही. आपण हिवाळ्यात सुरुवात केली हे फार चांगले झाले. उजेडात कव्हर काढा, पट्ट्यांमधली माती ब्रशने साफ करा, आणि सर्व बोल्ट व रबर जागेवर येईपर्यंत गाडी गल्लीबाहेर नेऊ नका.

दुसरी गोष्ट ऑइलची. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या पिस्टनकडच्या लहान टोकाला काशाचे बुश (गुळगुळीत कडे) असते, आणि त्याला नंतरच्या काळातील सुईच्या बेअरिंगपेक्षा जास्त तेल लागते. लिटरला वीस मिलिलिटर कमी आहे. ते लगेच चाळीसवर न्या. धूर थोडा वाढेल, पण बुश वाचेल. गिअरबॉक्समध्ये साधारण ७०० मिलिलिटर ९० नंबरचे ऑइल लागते, आणि चौदा वर्षांपूर्वीचे ऑइल आत असेल तर ते आजच काढा. क्लच त्याच ऑइलमध्ये फिरत असल्याने घेताना जीएल-४ मागा. जीएल-५ मधील रसायने पितळ-काशाच्या भागांना मानवत नाहीत.

तरीही गरम झाल्यावर गाडी बंद पडलीच, तर थांबलेल्या जागीच दोन तपासण्या करा, कारण घरी येईपर्यंत पुरावा थंड होऊन जातो. आधी टाकीचे झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स असा आवाज येऊन हवा आत गेली, तर झाकणाचे श्वासाचे छिद्र बुजलेले आहे आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तसे नसेल तर प्लग काढून वायरला जोडलेलाच सिलिंडर हेडच्या धातूला टेकवा, प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरा आणि किक मारा. ठिणगी निळी आणि टचकन आवाज करणारी हवी. ती पिवळी, बारीक असेल तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेतील एका लहान विद्युत भागावर, जातो. तो फ्लायव्हीलच्या आत स्टेटर प्लेटवर, इंजिनाच्या उष्णतेला चिकटून बसलेला असतो. जुना झाला की थंड असताना काम करतो आणि तापला की सोडून देतो. तुम्ही सांगितलेले वीस मिनिटांचे लक्षण त्याच्याशी तंतोतंत जुळते. बदलताना ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंटही घासून त्यांचे अंतर ०.४ मिलिमीटर ठेवा, आणि फ्लायव्हील काढायला पुलर हे ओढून काढण्याचे हत्यारच वापरा. हातोडीचा एक ठोका क्रँकचे टोक वाकवू शकतो.

रंगाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. साठ वर्षांपूर्वीचा मूळ रंग एकदाच असतो. पॉलिश करा, गंजलेल्या कडांना गंजरोधक लावा, पण घासू नका.

सदर बाजार

फिटरकाकांनी सर्व सांगितले आहे, परंतु चाकांविषयीची एक गोष्ट जिवाशी संबंधित असल्यामुळे लिहितो. या गाडीची दहा इंची रिम दोन अर्ध्या भागांची असते आणि ते दोन भाग नटांनी एकमेकांना जोडलेले असतात. चाक गाडीवरून उतरवण्याचे नट वेगळे आणि रिमचे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना चुकून रिमचे नट सोडले, तर तो अर्धा भाग तोंडावर उडतो. म्हणून आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी आणि नंतरच पाना लावावा. आजच्या तरुण पंक्चरवाल्यांपैकी अनेकांनी अशी रिम पाहिलेलीच नसते, त्यामुळे मी स्वतः शेजारी उभा राहूनच काम करून घेतो. चौदा वर्षे उभ्या गाडीचे टायर-ट्यूब वरून चांगले दिसले तरी बदला, ३.५० बाय १० हे माप आजही मिळते.

सुट्या भागांची फार चिंता नको. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इनोचेंतीचीच यंत्रसामग्री आणून १९९७ पर्यंत दुचाकी बनवल्या, त्यामुळे केबल, क्लचच्या प्लेटा, ब्रेक शू असे बरेच काही त्या वंशातले मिळते. घेताना जुना भाग सोबत नेऊन शेजारी ठेवून पाहावा.

गिरीपेठ मार्गे

कागदपत्रांपुरते लिहितो. मूळ मालक हयात नसल्यास वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो, त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते.

२०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीही सुरू झाली आहे. ती १० वर्षे चालते आणि आधी नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ताईंना आबांच्या गाडीवरून फुटाळ्याला जायचे आहे, म्हणून मी साधी नोंदणीच वाढवण्याचा सल्ला देईन.

महालची नात

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी अंगणात चादर अंथरून कव्हर काढले. सहापैकी दोन बोल्ट नव्हते, रबर हातात घेताच भुकटी झाले, आणि सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यांमध्ये कुंभारमाशीने मातीची तीन घरे बांधलेली होती. ती मी आबांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने सुटी केली. कंडेन्सर बदलला, ऑइल चाळीस मिलिलिटर केले. काल महाल ते अंबाझरी आणि परत असा फेरा वाटेत न थांबता झाला.

आता एकच शंका उरली आहे. सकाळी सुरू करताना पहिली दोन मिनिटे दाट पांढरट धूर येतो आणि नंतर विरतो. गिअरबॉक्सचे ऑइलही आठवड्यात थोडे कमी झालेले दिसते.

निवृत्त फिटर, अजनी

फेरा पूर्ण झाला हे वाचून फार समाधान वाटले. कमी झालेले गिअर ऑइल बहुधा चेनकडच्या बाजूच्या क्रँक सीलमधून इंजिनात ओढले जात आहे. इतकी वर्षे कोरडे राहून त्या रबराची लवचीकता गेली असणार. घाईचे काम नाही, पण उन्हाळ्याआधी करा, आणि फ्लायव्हीलकडचे सीलही त्याच वेळी बदला. ते कडक झाले तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी होते आणि इंजिन पुन्हा तापू लागते. सील नेहमीच्या काळ्या रबराचे न घेता व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे घ्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला फुगवते. त्याच कारणाने महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. सील बदलल्यानंतर पन्नासेक किलोमीटर चालवून प्लग काढा आणि त्याच्या टोकाचा रंग येथे लिहा. तो विटकरी तपकिरी असेल तर कामठी-मनसर मार्गे रामटेकपर्यंत जायला माझी हरकत नाही.