एकाच शेडमधली डुकरं, अर्धी वाढतायत आणि अर्धी जागच्या जागी

मुरबाडचा शेडवाला
नमस्कार मंडळी. मुरबाडजवळ आमचं छोटं वराहपालन आहे, लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची २२ डुकरं, एकाच दिवशी आणलेली. खाद्य पण एकच, नवी मुंबईतल्या हॉटेलांचं उरलेलं नीट उकळून आणि वर थोडा भरडा. टेम्पो ११ ला येतो, उकळून पाटात, म्हणजे डुकरांच्या खाण्याच्या लांब कुंडात, पडेपर्यंत १ वाजतो. दोन कप्पे आहेत, दोन्ही १२ बाय १० फूट. पूर्वेकडे ८ आणि पश्चिमेकडे १४. पूर्वेकडची सगळी ६० किलोच्या आसपास गेली पण पश्चिमेकडे दोन-तीनच तेवढी, बाकीची ४० च्या पुढे सरकतच नाहीत, जंताचं औषध झालं, निम्मं खाद्य पडून राहतं आणि कितीही धुवा परत शेणामुतात लोळतात. वडील म्हणतात रोग आहे. कर्ज काढून केलंय हे, रात्री झोप लागत नाही.

गुरांचा डॉक्टर, ठाणे
दादा, आधी ताप बघा. ताप, खोकला, जुलाब नसतील तर मला तरी हा जागेचा प्रकार वाटतोय. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, ५०-६० किलोचं जनावर १८ ते २५ अंशात खूश असतं आणि तुमच्याकडे एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ४० च्या घरात जात असणार, त्यात पश्चिमेचं ऊन. अन्न पचवताना अंगात उष्णता तयार होते म्हणून ते खाणंच कमी करतं, आणि खाणं कमी की वाढ थांबली. लोळतात ते घाणेरडी म्हणून नाही, अंग ओलं करून गार व्हायला बघतात बिचारी. दुपारी जाऊन नीट बघा, एकमेकांना न टेकता कुशीवर पसरून धापा टाकत असतील तर गरमीच आहे. दुपारी १ चं खाद्य बंद करा, संध्याकाळी ७ ला आणि पहाटे ६ च्या आत द्या. अजून एक, गुडघ्यावर बसून डुकराच्या नाकाच्या उंचीवर दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया, म्हणजे मुतातून निघणारा उग्र वायू, साचलाय, त्यानेही भूक मरते.

बदलापूरची ताई
पाट किती लांब आहे भाऊ? एकदम खायला घालता तर मोठ्या डुकरामागे फूटभर तरी जागा लागते, नाहीतर दांडगी दोन-तीन पाट अडवून बसतात आणि बाकीची मागे उभी राहतात, आम्ही हे सगळं भोगलंय. आणि गर्दीत शेपट्या चावायला लागली की संपलंच, जखम पिकते. १२० चौरस फुटांत १४ म्हणजे विक्रीपर्यंत फार दाटी होणार, दोन्हीकडे ११-११ करा. भाताचा पेंढा टाका खाली, उकरत बसतात, एकमेकांच्या मागे लागत नाहीत.

शहापूर ४२१६०१
निपलचं, म्हणजे डुकरं तोंडाने दाबून पितात त्या तोटीचं, पाणी मोजा. बाटली धरायची, मिनिटाला लिटरभर तरी यायला पाहिजे. आणि पाइप उन्हात असेल तर पाणी चहासारखं गरम येतं, ते पीत नाहीत, मग खात पण नाहीत. धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारा फॉगर घेऊ नका, आपल्याकडच्या दमट हवेत काही उपयोग नाही. जाड थेंबांचा शॉवर दोन मिनिटं, मग पंखा, असं आलटून पालटून करा. पत्र्यावर चुना आणि वर पेंढा.

मुरबाडचा शेडवाला
ताप कोणालाच नाही. पाट चार फुटांचा आहे ताई, १४ जणांना! आणि पाइप पत्र्यावरूनच आणलाय, तोच नळ जवळ म्हणून मी पश्चिमेकडे जास्त ठेवली होती. आज दुपारी बसून बघितलं, सगळी पसरलेली, तोंड उघडं. डॉक्टर, नाकाजवळ बसलो तर मिनिटभरात डोळ्यांतून पाणी आलं, इतके दिवस उभं राहून मला हे कधी कळलंच नाही हो. उद्या पाइप सावलीत घेतो, दुसरा पाट लावतो आणि उकळलेलं ७ वाजेपर्यंत झाकून ठेवतो. आणि हवा खेळायला भिंतीत मधे दोन फुटांची मोकळी जागा आहे तिथे फोडून खिडकी काढली तर चालेल का, की जुलैत पाऊस आत येईल?

गुरांचा डॉक्टर, ठाणे
खिडकी काढा, पावसाला वरून गोणपाटाचा पडदा सोडा. पण सकाळी उकळलेलं संध्याकाळपर्यंत ठेवू नका, या गरमीत आंबतं. टेम्पोवाल्याला ४ नंतर यायला सांगा, तेव्हा उकळा आणि कोमट झालं की घाला. पहाटे भरडाच द्या. दर रविवारी पाच-सहा जनावरं मोजून वजनं इथे टाका.